मोल्दोव्हाची बातमी चार ओळींत संपत नाही

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात मोल्दोव्हाच्या निवडणुकीची बातमी आली होती, परदेशच्या पानावर खाली कोपऱ्यात, चार ओळींची, की युरोपवाले जिंकले आणि रशियावाले हरले. बातमी खोटी नव्हती, पण मला राहवलं नाही म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबणार हे आधीच सांगतो, जागा नसेल तर कापा, फक्त पैशांचा आणि माणसांचा भाग कापू नका कारण त्या देशाचं खरं दुखणं तिथे आहे आणि बातम्यांत नेमकं तेच येत नाही.

माझा संबंध असा की माझी मुलगी मोल्दोव्हाच्या राजधानीत, किशिनाउला, मेडिकलला होती, २०१९ ला गेली आणि २०२५ ला डॉक्टर होऊन बाहेर पडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी आणि तिची आई महिनाभर तिच्याकडे जाऊन राहिलो. त्याआधी मला तो देश नकाशावर बोट ठेवून दाखवता आला नसता, आता तिथली बातमी दिसली की घरातलं कुणी आजारी असल्यासारखं लक्ष जातं.

मोल्दोव्हा म्हणजे रोमानिया आणि युक्रेन यांच्या मधे अडकलेला एवढासा देश. भाषा रोमानियन, पण रशियन बहुतेकांना येतेच. २७ ऑगस्ट १९९१ ला सोव्हिएत युनियनमधून बाहेर पडला. समुद्र नाही, डॅन्यूब नदीचा काठ सगळा मिळून पाचशे मीटरसुद्धा भरत नाही आणि तेवढ्यावरच जुर्जुलेश्तचं बंदर उभं केलंय. आता माणसांचा हिशोब बघा. १९८९ च्या सोव्हिएत जनगणनेत तिथे ४३ लाख लोक होते. २०२४ च्या जनगणनेत नीस्तर नदीपलीकडचा फुटीर पट्टा (ट्रान्सनिस्ट्रिया, त्याचं पुढे सांगतो) सोडून २४ लाखांच्या आसपास निघाले, त्या पट्ट्यातले चार-साडेचार लाख त्यात धरले तरी पस्तीस वर्षांत देशातला दर तिसरा माणूस कमी झालाय. काही जन्म कमी झाले म्हणून, पण जास्त करून निघून गेले म्हणून. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यांना युरोपात व्हिसाशिवाय फिरायची मुभा मिळाली, शिवाय लाखो लोकांकडे रोमानियाचा पासपोर्ट आहे कारण आजोबा-पणजोबा जुन्या रोमानियाचे नागरिक होते, खुद्द राष्ट्राध्यक्ष माया सांदूंकडेही तो आहे. एकदा तो पासपोर्ट हातात आला की इटली, जर्मनी, आयर्लंड कुठेही कायदेशीर काम करता येतं. मग कोण थांबणार.

हे आकडे मला आधी नुसते आकडे वाटायचे, तिथे एका रविवारी मुलगी आम्हाला बाजारापलीकडच्या मोकळ्या मैदानात घेऊन गेली तेव्हा डोळ्यांनी दिसले. पांढऱ्या व्हॅन ओळीने उभ्या, काचेवर पुठ्ठ्याच्या पाट्या, पादोवा, बोलोन्या, पार्मा, फ्रँकफर्ट. आणि समोर म्हाताऱ्या बायका, डोक्याला रुमाल बांधलेल्या, प्रत्येकीच्या पायाशी खोकी. ड्रायव्हर हुकाचा ताणकाटा घेऊन एकेक खोकं उचलून वजन करतो, किलोवर पैसे घेतो आणि मार्करने खोक्यावर फोन नंबर लिहितो. खोक्यांत काय तर अक्रोड, घरचं चीज, लोणच्याच्या बरण्या, पाच लिटरच्या पाण्याच्या बाटलीत भरलेली घरची वाइन. आणि ज्या व्हॅन तिकडून आल्या होत्या त्यांतून पास्ता, कॉफी, कपडे धुण्याची पावडर, नातवंडांचे बूट उतरत होते. एक बाई बराच वेळ एका रिकाम्या व्हॅनशी उभी होती, मुलीने विचारलं तर म्हणे माझं काही आलेलं नाही, ड्रायव्हर माझ्या मुलीला परवा भेटला होता, ती कशी दिसत होती एवढंच विचारायचंय. तिची आई (म्हणजे आमची ही) तिथून परत येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

आमची घरमालकीण पण अशीच, रिटायर्ड शाळामास्तरीण, मुलगी तिला बुनिका म्हणायची म्हणजे आजी. मुलगा आणि सून इटलीत, सून तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम करते. २०२५ साली मोल्दोव्हात किमान पगार महिन्याला ५,५०० लेई (तिथलं चलन) होता, म्हणजे पावणेतीनशे युरोच्या आसपास, आणि सून तिकडे त्याच्या तीन-चारपट कमावते. तिथल्या गावांत फिरलो तर निळ्या रंगाने रंगवलेली फाटकं, छपरावर नक्षीचा पत्रा, नवीन प्लास्टिकच्या खिडक्या, आणि आत कुणीच नाही. घर इटलीच्या पैशाने बांधलेलं, बघायला शेजारचा आजोबा किल्ली घेऊन येतो तेवढाच.

आता राजकारण घ्या, तेही ह्याच माणसांभोवती फिरतंय. २० ऑक्टोबर २०२४ ला दोन मतदानं एकाच दिवशी होती, राष्ट्राध्यक्षाचं आणि युरोपियन युनियनमध्ये जाण्याचा हेतू घटनेत लिहायचा का याचं सार्वमत. आम्ही त्या रात्री बुनिकाच्या स्वयंपाकघरात टीव्हीसमोर बसलो होतो. सुरुवातीला देशातली मतं मोजली जात होती आणि नकार पुढे, चांगलाच पुढे. बुनिकाने स्वतः नकार दिला होता आणि लपवलं पण नाही, तिचं म्हणणं मुलीने मला सांगितलं ते असं की पोराला युरोप मिळालाय, मला महिन्याचं बिल भरायचंय आणि शेजारी युद्ध चाललंय, उगाच कुणाला डिवचायचं कशाला. आणि तिकडे मुलगा त्याच दिवशी रांगेत उभा राहून होकार देऊन आला होता. पहाटेपर्यंत बाहेरची मतं येत गेली आणि आकडा हळूहळू सरकत शेवटी ५०.३५ टक्के होकारावर थांबला. फरक किती, तर साडेदहा हजार मतांच्या आसपास. एका आईचं मत आणि तिच्या मुलाचं मत, अशी देशभर घराघरांत जी काटछाट झाली तिच्यातून हा निकाल निघाला असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

दोन आठवड्यांनी ३ नोव्हेंबरला दुसरी फेरी झाली, माया सांदूंना ५५ टक्क्यांवर मतं पडली आणि त्या परत निवडून आल्या. पण नुसती देशातली मतं बघितली तर त्यांचे विरोधक अलेक्सांद्र स्तोयानोग्लो यांना ५१ टक्क्यांवर मतं होती. परदेशातल्या मतदारांनी सांदूंना ८० टक्क्यांहून जास्त दिली म्हणून त्या जिंकल्या. हे मी काही सांदूंच्या विरोधात म्हणून सांगत नाहीये, मला त्या बाई प्रामाणिक वाटतात आणि बाहेर राहणारा माणूस नागरिकच आहे, घरी पैसे तोच पाठवतो तर मत का नाही द्यायचं. पण जो देशात राहून थंडी काढतोय त्याचा बहुमताने अजून विश्वास बसलेला नाही, ही गोष्ट जिंकलेल्यांनी रोज सकाळी आठवायला पाहिजे.

रशियाने काही केलं नाही असं मात्र कुणी म्हणू नये. इलान शोर म्हणून एक व्यापारी-राजकारणी आहे, देशातून पळालेला, आता मॉस्कोत असतो. त्याच्या जाळ्यातून मतांसाठी पैसे वाटले गेले, पोलिसांनी सांगितलं की एकट्या सप्टेंबर २०२४ मध्ये दीड कोटी डॉलर, सव्वा लाखाहून जास्त लोकांना, एका रशियन बँकेच्या ॲपवरून. जिथे फरक साडेदहा हजारांचा तिथे सव्वा लाख लोकांना पैसे पोचले याचा विचार करा. मुलीच्या ओळखीच्या एका बाईच्या आईलाही विचारणा झाली होती, पेन्शनएवढे पैसे देत होते म्हणे. म्हातारीने घेतले नाहीत पण शेजारणीने घेतले आणि म्हातारी शेजारणीला वाईट म्हणायला तयार नव्हती, कारण शेजारणीकडे लाकडं नव्हती हिवाळ्यासाठी.

शोरचं नाव आलं तर बँकांची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती सांगितल्याशिवाय तिथल्या माणसाचा कुणावरच विश्वास का नाही हे कळणार नाही. २०१४ साली तीन बँकांमधून मिळून सुमारे एक अब्ज डॉलर गायब झाले. देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाचा साधारण १२ टक्के भाग. विचार करा, आठ रुपयांतला एक रुपया. बांका दे एकोनोमी ही जुनी बचत बँक, म्हाताऱ्यांच्या ठेवी जिथे असायच्या ती, आणि बांका सोशियाला, युनिबँक. मग बँका बुडू नयेत म्हणून सरकारने सेंट्रल बँकेकडून पैसे उचलले आणि २०१६ साली कायदा करून ते २५ वर्षांचं सरकारी कर्ज करून टाकलं, म्हणजे २०४१ पर्यंत हे पैसे तिथली जनता टॅक्समधून फेडणार, ज्यांनी चोरलं त्यांच्यापैकी कितीजणांनी फेडलं ते वेगळं. शोरला एप्रिल २०२३ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली पण तो हजरच नव्हता. आणि त्या काळात ज्याच्या मुठीत अख्खं सरकार होतं असं लोक म्हणतात तो व्लाद प्लाहोत्नियुक २०१९ ला पळाला, जुलै २०२५ मध्ये अथेन्सच्या एअरपोर्टवर सापडला आणि सप्टेंबरात किशिनाउला आणला गेला, संसदेच्या निवडणुकीच्या तीन दिवस आधी. मला विचाराल तर पुढच्या पाच वर्षांत मोल्दोव्हाचं काय होणार हे ब्रुसेल्समधल्या मीटिंगपेक्षा असल्या खटल्यांवर जास्त ठरेल. मोठे मासे आत गेले आणि वरच्या कोर्टात टिकलं तर बुनिकासारखी माणसं म्हणतील की हो, हे सरकार वेगळं आहे. तारखांवर तारखा पडत राहिल्या तर कुणी काहीही सांगितलं तरी विश्वास बसणार नाही. न्यायाधीशांची मालमत्ता आणि चारित्र्य तपासायचं काम त्यांनी काढलंय, परदेशी तज्ज्ञ घेऊन, चांगलं काम आहे, पण त्याचा एक परिणाम असा झाला की २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या बहुतेक न्यायाधीशांनी राजीनामेच दिले आणि जागा भरायला वेळ लागला. तोवर केसेस पडून.

२८ सप्टेंबर २०२५ ची संसदेची निवडणूक सांदूंच्या पक्षाने, पीएएसने, जिंकली. ५०.२ टक्के मतं आणि १०१ पैकी ५५ जागा. २०२१ ला ६३ होत्या, म्हणजे आठ कमी झाल्या. चार वर्षं महागाईत आणि युद्धाच्या सावलीत राज्य करून कुणाच्या मदतीशिवाय बहुमत मिळणं ही छोटी गोष्ट नाही हे मान्य. पण मतदानाच्या आदल्या एक-दोन दिवसांत दोन विरोधी पक्षांना बेकायदा पैशाच्या कारणाने बाहेर काढलं, इटलीत ७५ मतदान केंद्रं आणि रशियात फक्त दोन, नीस्तरपलीकडच्या लोकांसाठी केंद्रं आधी ३० होती ती १२ केली. कारणं असतीलही, बाहेरून पैसा ओतला जात होता हे तर दिसतच होतं. तरी मला हे बरं वाटलं नाही. ज्या देशात निम्मे लोक आधीच साशंक आहेत तिथे असं शेवटच्या क्षणी केलं की हरणारा म्हणतो मला हरवलं, आणि त्याचं ऐकणारे खूप असतात. दक्षिणेला गागाउझिया म्हणून स्वायत्त भाग आहे, कोमरात त्याचं मुख्य गाव, तिथे सार्वमतात ९५ टक्क्यांच्या आसपास नकार पडला होता. तिथल्या प्रमुख बाई येवगेनिया गुत्सुल यांना ऑगस्ट २०२५ मध्ये रशियाच्या पैशाच्या प्रकरणात सात वर्षांची शिक्षा झाली. पुरावे असतील तर शिक्षा व्हायलाच हवी, पण त्यानंतर कोमरातला जाऊन लोकांशी बोलायला किती मंत्री गेले? रस्ता, पाणी, दवाखाना घेऊन कोण गेलं? जो भाग ९५ टक्के विरोधात आहे तो असाच सोडून दिला तर तिथे पैसे वाटणाऱ्याला अजून सोपं होतं.

आता गॅस आणि वीज, कारण तिथला हिवाळा बघितल्यावर मला कळलं की तिथे राजकारण रेडिएटरमधून येतं. २०२१ पर्यंत सगळाच्या सगळा गॅस रशियाच्या गॅझप्रॉमकडून. आणि वीज जास्त करून नीस्तरपलीकडच्या कुचुर्गानच्या पॉवर स्टेशनमधून, जे त्याच रशियन गॅसवर चालायचं, आणि त्या गॅसचे पैसे तिकडचे लोक प्रत्यक्षात भरतच नव्हते. म्हणजे स्वस्त वीज मिळायची पण गळ्यात दोर रशियाच्या हातात. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो दोर पहिल्यांदा जोरात ओढला, गॅस कमी, भाव जास्त, देशात आणीबाणी लावावी लागली. गॅझप्रॉम म्हणायचं ७० कोटी डॉलरवर जुनी थकबाकी आहे, मोल्दोव्हाने परदेशी ऑडिटर आणून तपासलं तर २०२३ मध्ये त्यातले जेमतेम ८६ लाख डॉलर पटण्यासारखे निघाले. इतका फरक असतो का हिशोबात? ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ३४ टक्क्यांच्या वर गेली होती. नोव्हेंबर २०२२ ला युक्रेनच्या ग्रिडवर मिसाइल पडली आणि मोल्दोव्हाचा निम्म्याहून जास्त भाग अंधारात गेला, मुलगी तेव्हा मोबाइलच्या टॉर्चवर अभ्यास करत होती आणि आम्ही इकडून फोनवर फोन, फोन पण लागेना.

मग १ जानेवारी २०२५ ला युक्रेनमधून येणारा रशियन गॅस बंद झाला. नीस्तरपलीकडे तर घरांतली हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही गेलं, ऐन थंडीत, तिरास्पोलमध्ये लोक लाकडं जाळायला लागले, रिब्नित्साचा स्टीलचा कारखाना थांबला. रशियाच्याच माणसांना, रशियन पासपोर्टवाल्यांना, रशियाने थंडीत सोडलं. हे तिथल्या लोकांनी बघितलंय आणि ते विसरणार नाहीत असं मला वाटतं. इकडच्या बाजूला वीज रोमानियाकडून घ्यावी लागली आणि भाव एका झटक्यात ६५ ते ७५ टक्के वाढले. बुनिकाचं बिल मुलीने मला फोटो काढून पाठवलं होतं, तिने एक खोली सोडून बाकी घराचे रेडिएटर बंद केले होते आणि त्या एका खोलीत ती आणि तिचं मांजर. युरोपियन युनियनने २५ कोटी युरोची मदत दिली, त्यातून बिलात सूट मिळाली, ते बरं झालं. पण मदत म्हणजे वर्षभराची सोय. कायमचं काम म्हणजे रोमानियाला जोडणाऱ्या हाय टेन्शन लाइन, त्यातली वुल्कानेश्त ते किशिनाउ ही सगळ्यात महत्त्वाची, कारण जुनी लाइन त्या फुटीर पट्ट्यातून फिरून येते. मार्च २०२२ मध्ये युक्रेनबरोबर युरोपच्या ग्रिडला जोडून घेतलं तेव्हाच अर्धी लढाई झाली होती, असल्या गोष्टी बातमीत कधी येत नाहीत पण एखाद्या निवडणुकीएवढ्या मोठ्या असतात.

त्या फुटीर पट्ट्याचं, ट्रान्सनिस्ट्रियाचं, थोडक्यात सांगतो. १९९२ ला तिथे काही महिने लढाई झाली, जुलैत थांबली, तेव्हापासून रशियाचे सैनिक आहेत, आता दीड हजाराच्या आसपास, आणि कोबास्ना गावात सोव्हिएत काळातला २० हजार टनांच्या घरातला जुना दारूगोळा. १९९९ ला रशियाने सैन्य काढून न्यायचं वचन दिलं होतं. तिथलं नाणं वेगळं, झेंडा वेगळा, पण माल जातो तो जास्त करून युरोपात आणि उरलेल्या मोल्दोव्हात. फुकट गॅस गेला म्हणजे तिथली अख्खी अर्थव्यवस्थाच गेली. म्हणून पहिल्यांदाच असं वाटतंय की हा प्रश्न बंदुकीशिवाय सुटू शकतो. पण सुटला तर खर्च कुणाच्या डोक्यावर? चारेक लाख माणसांची पेन्शन, हीटिंग, पगार हे सगळं मोल्दोव्हाच्या तिजोरीतून, जी आधीच तुटपुंजी आहे. यावर किशिनाउत कुणी उघड बोलत नाही आणि ते बोलायला पाहिजे.

तिजोरीचं म्हणाल तर सगळा देश मिळून वर्षाला १८ अब्ज डॉलरच्या आसपास उत्पन्न. २०२२ ला अर्थव्यवस्था साडेचार-पाच टक्के खाली गेली, २०२३ ला एखाद्या टक्क्याच्या आसपासच वाढली, २०२४ तर जवळपास जागच्या जागी. २०२५ ला पीक बरं आलं तेव्हा जरा हललं. पीक म्हणतो कारण अजूनही पावसावरच सगळं आहे, २०२० चा दुष्काळ, २०२२ चा, २०२४ चा, प्रत्येक वेळी आकडे पडले. निर्यात साडेतीन अब्ज डॉलरची आणि आयात नऊ अब्जांची. मधली खड्ड्याएवढी जागा कशाने भरते, तर बाहेरून येणाऱ्या पैशाने. एक काळ असा होता, २००६-०७ च्या सुमारास, की देशाच्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा पैसा परदेशातली माणसं पाठवत होती, आता १२ टक्क्यांच्या आसपास आलाय. लोक म्हणतात ही चांगली खूण आहे, अवलंबून राहणं कमी झालं. मला तसं सरळ वाटत नाही. कारण बुनिकाच्या मुलाने आधी दर महिन्याला पाठवलं, मग लग्न झालं, मग मुलगी झाली, आता तिकडे घराचा हप्ता आहे, नात इटालियन बोलते. पैसे येणं कमी होतं तेव्हा पुष्कळदा माणूसच कमी झालेला असतो.

तरी तिथे करण्यासारखं काहीच नाही असं अजिबात नाही आणि त्यासाठी वाइनचं उदाहरण सांगतो. आम्ही मिलेश्ती मिची नावाच्या गावी गेलो होतो, जमिनीखाली चुनखडीच्या खाणीत दोनशे किलोमीटरचे बोगदे आहेत, आत गाडीने फिरायचं, गल्ल्यांना वाइनची नावं, भिंतीला हात लावला तर गार आणि ओली, आणि बाटल्यांवर बोटभर धूळ. जगातला सगळ्यात मोठा साठा म्हणून गिनीज बुकात नोंद आहे. तर २००६ पर्यंत इथली बहुतेक वाइन रशियात जायची. मार्च २००६ ला रशियाने एका दिवसात बंद केली, कारण सांगितलं आरोग्याचं, खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. कारखाने बंद पडले, द्राक्षं वेलीवर राहिली. २०१३ ला परत तेच केलं. पण तेवढ्या वर्षांत तिथल्या लोकांनी क्वालिटी बदलली, बाटलीबंद माल सुरू केला, पोलंड, रोमानिया, चेकिया अशी गिऱ्हाइकं शोधली, आणि आज देशाच्या एकूण निर्यातीतला दोन तृतीयांश माल युरोपियन युनियनमध्ये जातो. हे कुणी भाषण देऊन झालं नाही, शेतकऱ्यांनी आणि वाइनवाल्यांनी पंधरा वर्षं खपून केलं. आयटीतही असंच, २०१८ पासून आयटी पार्कमधल्या कंपन्यांना उलाढालीवर सरसकट ७ टक्के टॅक्स, बाकी कटकट नाही, त्यामुळे किशिनाउत पोरं थांबायला लागली आहेत. बाल्त्सी शहरात गाड्यांच्या वायरिंगचे कारखाने आहेत. पण किशिनाउ सोडलं की तासाभरावर जे गाव लागतं तिथे काय आहे? तिथे विहिरीवर रंगीत छप्पर आहे, चर्च आहे, आणि शाळा बंद आहे कारण मुलंच नाहीत.

युरोपचं सांगायचं तर ३ मार्च २०२२ ला, शेजारी युद्ध सुरू होऊन आठवडा झालेला असताना, त्यांनी अर्ज केला. (त्याच दिवसांत युक्रेनमधल्या ओडेसाकडून आपले विद्यार्थी सीमा ओलांडून मोल्दोव्हात येत होते, माझी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी त्यांच्यासाठी चहा आणि सिमकार्ड घेऊन उभ्या होत्या. त्या गरीब देशाने तेव्हा लाखो लोकांना वाट दिली, कित्येकांनी स्वतःच्या घरात ठेवलं, हे मी कधी विसरणार नाही.) जून २०२२ ला उमेदवार देश म्हणून मान्यता, जून २०२४ ला वाटाघाटी सुरू. पण युक्रेन आणि मोल्दोव्हा एकाच डब्यात बसवलेत, त्यामुळे २०२५ मध्ये हंगेरीने युक्रेनला अडवलं तेव्हा मोल्दोव्हापण विनाकारण अडकला. १.९ अब्ज युरोची योजना २०२५ ते २०२७ साठी मंजूर आहे, ऐकायला मोठी वाटते, पण त्यातला बराचसा भाग कर्ज आहे हे कुणी सांगत नाही. ते कर्ज रस्ते, वीज, पाण्याला लागलं तर फिटेल. पगार आणि सबसिडीत गेलं तर २०४१ च्या त्या बँकांच्या कर्जावर अजून एक थर. ऑक्टोबर २०२५ पासून ते युरोच्या पेमेंट सिस्टिममध्ये आले, इटलीतून घरी पैसे पाठवणं स्वस्त झालं, जानेवारी २०२६ पासून रोमिंगचे पैसे लागत नाहीत. माझ्या मते बुनिकाचं मत बदलेल तर असल्याच गोष्टींनी. मुलीने सांगितलं, आता नात रोज व्हिडिओ कॉल करते.

वेळ मात्र थोडा आहे. घटनेप्रमाणे सांदूंना लागोपाठ तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही, त्यांची मुदत २०२८ च्या शेवटी संपते, आणि त्याच वर्षी युरोपच्या वाटाघाटी उरकायच्या असं त्यांच्या सरकारचं टार्गेट आहे. नवे पंतप्रधान अलेक्सांद्रू मुन्तेआनू हे पैशाच्या धंद्यातून आलेले आहेत, राजकारणातले मुरलेले नाहीत, मला यात आशा वाटते आणि काळजी पण वाटते, कारण जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन माणूस जोडायचं काम बँकेत शिकायला मिळत नाही. सांदूंच्या पक्षात त्यांच्यानंतर कोण हा प्रश्न उघडाच आहे. सगळं एका बाईवर उभं आहे, तिच्या प्रामाणिकपणावर, आणि ती गेल्यावर काय ह्याची तयारी दिसत नाही.

तर साहेब, एवढंच म्हणणं आहे की पुढच्या वेळी मोल्दोव्हाची बातमी घ्याल तेव्हा युरोप का रशिया एवढ्यावर थांबू नका. प्लाहोत्नियुकचं काय झालं, वुल्कानेश्तची लाइन चालू झाली का, कोमरातला कुणी गेलं का, किमान पगार किती झाला आणि त्या वर्षी किती माणसं परत आली, यातलं एक जरी टाकलंत तरी वाचणाऱ्याला देश कुठे चाललाय ते कळेल. मुलगी आता परत आलीय पण बुनिकाशी दर रविवारी बोलते. परवा ती सांगत होती की मुलगा उन्हाळ्यात येणार आहे, गावच्या घराची विहीर साफ करून घ्यायला सांगितलंय त्याने. किती दिवसांसाठी येणार ते तिने विचारलेलं नाही.

आपला नम्र,
एक नियमित वाचक